रडत नाही, कामावर जातो, ‘ठीक आहे’ म्हणतो. तरी हे डिप्रेशन असू शकतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ, वय ३४. चार-पाच महिन्यांपासून बदललाय. नोकरी चालू आहे, कुणासमोर रडलेला नाही, विचारलं की ‘ठीक आहे गं, जरा दमलोय’ म्हणतो. आईवडिलांचं मत, कामाचं टेन्शन आहे, आपोआप सरेल. मोठ्या बहिणीला मात्र चैन नाही. तिने विचारलंय, डिप्रेशन ओळखायचं कसं? आणि उद्या मला स्वतःलाच झालं तर मला कळेल का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर लहान आहे. बहुधा नाही कळणार. निदान वेळेत तरी नाही. मला कळलं नव्हतं, आणि मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. तेव्हा हे काम करायला लागून मला १३ वर्षं झाली होती.

मला वॉर्डात राउंड घेताना गुणगुणायची सवय आहे. सूर यथातथाच. एक दिवस ड्युटीवरच्या सिस्टर केस पेपर पुढे करत सहज म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्ही हल्ली गुणगुणत नाही.’ मला राग आला. आता राग येण्यासारखं त्यात काय होतं? पण आला, आणि तो दिवसभर टिकला. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खण उघडला आणि जी प्रश्नावली मी रोज पाचसहा जणांना भरायला देत असे, तीच स्वतः भरली. बेरीज आली ८. कागद ठेवून दिला, दिवा बंद केला, परत लावला. कारण प्रत्येक प्रश्नाला मी एकेक आकडा खाली उतरवून टाकला होता, आणि ते मला लिहितानाच माहीत होतं. दुसऱ्यांदा खरं भरलं. १४.

ही प्रश्नावली म्हणजे पीएचक्यू-९. २००१ सालापासून जगभर वापरात आहे आणि मोफत मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे जास्तीत जास्त २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना भेटा, असा साधारण दंडक आहे. हे निदान नव्हे. थर्मामीटरने ताप कळतो, ताप कशाचा ते कळत नाही, तसंच हे. एक मात्र लक्षात ठेवा: नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं, तर एकूण बेरीज कितीही कमी असली तरी थांबायचं नाही.

मला स्वतःला का दिसलं नाही, याचा मी नंतर बराच विचार केला. हा आजार ज्या मनाला होतो, तपासायचं काम त्याच मनाकडे असतं. शिवाय तो ‘मी’च्या भाषेत बोलतो. ताप आला की आपण म्हणतो, मला ताप आलाय. डिप्रेशन आलं की आपण म्हणतो, मी आळशी झालेय, मी निकामी आहे, मला माणसंच नकोशी झालीत. लक्षण हे लक्षण म्हणून समोर येतच नाही, स्वभावदोष म्हणून येतं. आणि स्वभावदोषासाठी डॉक्टरकडे कोण जातं? माणूस स्वतःला चार शिव्या घालतो, अजून जोर लावायचा प्रयत्न करतो, जमत नाही, मग आणखी शिव्या घालतो.

म्हणून स्वतःपुरता मी एक नियम केलाय आणि तो तुम्हालाही सांगते. स्वतःबद्दल नव्याने सुचलेलं कठोर मत हे मत नाही, लक्षण आहे असं धरून चला. ‘मी कुणाच्या उपयोगाची नाही’ हे वाक्य दोन वर्षांपूर्वी तुमच्या डोक्यात होतं का? नसेल, तर ते आलं कुठून, हा प्रश्न विचारा. आणि घरातल्या किंवा कामावरच्या एका माणसाला आधीच सांगून ठेवा: माझ्यात अमुक बदल दिसला तर मला तोंडावर सांग, मी चिडले तरी सांग. माझ्यासाठी ते काम आता त्या सिस्टरच करतात.

आता भावाकडे वळू.

तुम्ही लिहिलंय की तो रडत नाही, उदास दिसत नाही. लोक नेमके इथेच चुकतात. उदासी शोधू नका. काय काय गळून पडलंय ते शोधा. निदानाच्या निकषांमध्ये आत शिरायला दोन दारं आहेत. एक, दिवसातला बराचसा वेळ, जवळजवळ रोज, मन खिन्न असणं. दुसरं, ज्यात आनंद वाटायचा त्यातला रस जाणं. यातलं एक पुरतं. म्हणजे एक अश्रूही न गाळता माणूस पूर्ण डिप्रेशनमध्ये असू शकतो. कित्येक जण मला सांगतात, ‘डॉक्टर, मला वाईट वाटत नाही हो, मला काहीच वाटत नाही.’ रडायला आलं असतं तर बरं झालं असतं, असंही म्हणतात.

बाकीची लक्षणं पुस्तकात ओळीने दिलेली असतात: झोप बिघडणं, भूक आणि वजन बदलणं, हालचाल मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझाऱ्या, थकवा, स्वतःला दोष देणं, लक्ष न लागणं किंवा निर्णय न होणं, मरणाचे विचार. त्या दोन दारांसकट ही नऊ होतात. त्यातली किमान पाच, किमान दोन आठवडे, आणि त्यामुळे रोजचं जगणं अडायला लागलेलं, असा हिशेब. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, दहावं लक्षण धरलंय: पुढे काही चांगलं होईल ही आशाच न उरणं. माझ्या मते ही भर योग्य आहे. थकवा पन्नास कारणांनी येतो, पण ‘आता काय फरक पडणार आहे’ हे वाक्य दर चार वाक्यांनी येऊ लागलं की मी कान टवकारते.

पण यादी पाठ करून घरात कुणी ओळखू येत नाही. घरात दिसतं ते वेगळंच.

एक निवृत्त गृहस्थ होते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलते. तीस वर्षं रोज सकाळी शब्दकोडं सोडवायचे, पेनने, खाडाखोड न करता, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान. पत्नी त्यांना पाठदुखीसाठी घेऊन फिरत होत्या. दोन डॉक्टर झाले, फोटो काढून झाले, मलम झालं. शेवटी कुणीतरी माझ्याकडे पाठवलं. मी पत्नीला विचारलं, घरात काय बदललंय? त्या म्हणाल्या, काही नाही. जरा वेळाने म्हणाल्या, रद्दीत पेपर नवेच्या नवे असतात. पुढच्या भेटीला त्या चार महिन्यांचे पेपर पिशवीत घालून घेऊन आल्या. मी एकेक उघडून पाहिला. आधीची कोडी पूर्ण. मग तीन-चार शब्द भरून सोडलेली. मग पेन्सिलने भरलेली, पेन्सिलने! मग नुसती पेनाची एक रेघ. मग कोरी. आजाराचा आलेख इतका स्वच्छ मी क्वचितच पाहिलाय. ते मात्र शेवटपर्यंत म्हणत होते, मला पाठ सोडून काही त्रास नाही.

गोष्टी गळण्याला एक क्रम असतो. आपण हौसेने करतो त्या आधी जातात, करणं भाग असतं त्या शेवटी. आधी वाचन, पोहणं, मित्रांना उगाच फोन करणं जातं. मग टापटीप. मग घरातलं बोलणं. नोकरी सगळ्यात शेवटी पडते, कारण तिथे हजेरी आहे, पगार आहे, लोक पाहतायत. उरलीसुरली सगळी ताकद माणूस तिथे खर्च करतो आणि घरी रिकामा येतो. त्यामुळे ‘कामावर तर जातोय ना’ हा घरच्यांचा सगळ्यात मोठा दिलासा फारसा भरवशाचा नाही. कामावर जातो, याचा अर्थ एवढाच की शेवटची भिंत अजून उभी आहे.

एक तरुण मला सांगत होता, ऑफिसातून सुटल्यावर तो इमारतीखाली गाडीत बसून राहायचा. काच वर, इंजिन बंद, रेडिओही नाही. चाळीस-चाळीस मिनिटं. वर जाऊन बायकोशी नीट बोलावं लागेल, त्याची तयारी करायला. बायकोला वाटत होतं ट्रॅफिक वाढलंय.

तेव्हा भावाच्या बाबतीत स्वतःला असं विचारा: सहा महिन्यांपूर्वी तो काय करायचा जे आता करत नाही? तुलना इतर चारचौघांशी नको, त्याची त्याच्याशीच करा. मुळात अबोल माणूस अबोल असणं ही बातमी नाही. बडबड्या माणूस एका शब्दात उत्तरं द्यायला लागला तर आहे. फोनवर न वाचलेले निरोप साठलेत का? आंघोळ टळते का? नखं वाढलीत, दाढी तशीच आहे, उजव्या पायातला बूट आठवडाभर उसवलेलाच आहे? क्षुल्लक वाटेल, पण मी तपासताना चपलांपासून पाहायला सुरुवात करते.

झोपेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे खोटं बोलणं अवघड असतं. काळजीने झोप उडते ती सहसा रात्री अंथरुणात पडल्यावर. डिप्रेशनमध्ये पुष्कळांना उलटं होतं. झोप लागते, पण पहाटे तीन-साडेतीनला, नेहमीच्या वेळेआधी दोन-तीन तास, टक्क जाग येते आणि परत डोळा लागत नाही. आणि ती वेळ दिवसातली सर्वांत वाईट असते. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, जुन्या चुका एकेक करून पुढे येऊन उभ्या राहतात, समोर पडलेला दिवस डोंगराएवढा दिसतो. संध्याकाळपर्यंत जरा निवळतं. मग सात वाजता भेटायला येणाऱ्या पाहुण्याला माणूस बराच बरा दिसतो आणि तो म्हणतो, ‘काही नाही हो, छान बोलला माझ्याशी.’ तुम्ही भावाला संध्याकाळीच भेटत असाल तर एकदा सकाळी फोन करून पाहा. काहींना मात्र झोप जास्त येते. दहा-बारा तास झोपूनही दमलेलेच असतात, आणि भूक मरण्याऐवजी सतत काहीतरी खात राहतात. तरुणांमध्ये हे पुष्कळदा दिसतं आणि त्यालाच घरात ‘आळस’ म्हणतात.

बोलणं ऐका. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये एक पोकळी येते. आवाजातला चढउतार जातो. साधा निर्णय होत नाही. हा शर्ट की तो, यावर दहा मिनिटं उभं राहणं हा विनोद नाही. एकच पान चार वेळा वाचूनही डोक्यात काही न शिरणं हे तर इतकं ठरलेलं आहे की मी हा प्रश्न कधी सोडत नाही. आणि अपराधीपणा. दहा वर्षांपूर्वी कुणाला तरी उलट बोललो होतो, त्याची टोचणी आज लागते. घरात कुणी आजारी पडलं की ते माझ्यामुळेच, असं वाटतं.

पुरुषांमध्ये उदासीऐवजी चिडचिड बाहेर येते, असं मी फार पाहिलंय. शांत माणूस मुलांवर खेकसायला लागतो, दारू वाढते, गाडी बेदरकार चालवतो, रात्री उशिरापर्यंत स्क्रीनसमोर बसून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे स्त्रियांमध्ये डिप्रेशनचं प्रमाण पुरुषांच्या साधारण दीडपट आहे. पण पुरुषांचं डिप्रेशन रागाखाली आणि दारूखाली दडून मोजणीतून निसटत असेल, अशी मला दाट शंका आहे. लहान आणि किशोरवयीन मुलांमध्ये तर चिडकेपणा हा खिन्नतेच्या जागी धरावा असं निकषांतच म्हटलंय. मूल रडत नाही, दार आपटतं. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं. गुण घसरतात. म्हाताऱ्या माणसांचं वेगळंच. त्यांना ‘विसरायला होतंय’ म्हणून आणतात आणि सगळे स्मृतिभ्रंश धरून बसलेले असतात. स्मृतिभ्रंश असलेला माणूस चुकीचं का होईना, उत्तर देतो, विसरणं झाकायला पाहतो. डिप्रेशन असलेला आजोबा ‘मला नाही माहीत’ म्हणून प्रश्नच सोडून देतो, आणि आपल्याला काही आठवत नाही ही तक्रार स्वतःच पुन्हा पुन्हा करतो. हा फरक शंभर टक्के नसतो, पण तपासून घेण्यासारखा नक्की असतो, कारण डिप्रेशन बरं झालं की पुष्कळदा आठवणही ताळ्यावर येते.

बाळंतपणाबद्दल दोन वाक्यं, कारण ते फार दुर्लक्षित राहतं. पहिल्या आठवड्यात रडू येणं, मन हळवं होणं हे बहुतेक बाळंतिणींना होतं आणि दोन आठवड्यांच्या आत ओसरतं. त्यापुढे टिकलं, किंवा बाळाबद्दल काहीच वाटत नाही, बाळ झोपलं तरी आईला झोप येत नाही, असं झालं, तर ‘होतं असं सगळ्यांना’ म्हणून सोडायचं नाही. त्यासाठी १९८७ पासून दहा प्रश्नांची वेगळी एडिंबरा प्रश्नावलीच आहे.

आता, प्रत्येक कोमेजलेला माणूस डिप्रेशनमध्ये नसतो, हेही सांगायला हवं. जवळचं माणूस गेलं, नातं तुटलं, की मन मोडतंच. पण दुःख लाटांसारखं येतं. लाट ओसरली की माणूस मधेच एखाद्या आठवणीवर हसतो, कुणी जवळ घेतलं की त्याला बरं वाटतं, आणि ‘तो गेला’ याचं दुःख असलं तरी ‘मी कवडीमोलाचा’ असं वाटत नाही. डिप्रेशनमध्ये ओहोटी नसते, आणि जवळ घेतलं तरी आत काही पोचत नाही. अर्थात दुःखातूनही डिप्रेशन सुरू होऊ शकतं. म्हणून ‘एवढं मोठं दुःख झालंय, मग असं होणारच’ हे कारण तपासणी टाळायला वापरू नका. पाय मोडला त्याला कारण होतं म्हणून आपण प्लास्टर टाळत नाही.

शिवाय शरीर. थायरॉइड कमी असणं, रक्तात लोह किंवा बी-१२ कमी असणं, झोपेत श्वास अडकणं, स्टेरॉइडसारखी काही औषधं, रोजची दारू, ही सगळी मंडळी डिप्रेशनचा मुखवटा घालून येतात किंवा त्याला हातभार लावतात. पहिल्या भेटीत डॉक्टर रक्त तपासायला सांगतात ते यासाठी. आणि एक प्रश्न तुम्हीच आधी आठवून ठेवा: यापूर्वी कधी भावाला उलट प्रकारचे दिवस आले होते का? चार-पाच दिवस जेमतेम तीन तास झोप आणि तरी उत्साह उतू जातोय, बोलणं थांबत नाही, पैसा सैल सुटलाय, मोठमोठे बेत? तसं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. हा बायपोलर आजार असू शकतो. त्याचे उपचार वेगळे असतात आणि नुसत्या डिप्रेशनच्या गोळीने माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो. रुग्ण स्वतः हे सांगत नाही, त्याला ते दिवस ‘माझे चांगले दिवस’ म्हणून आठवतात.

आता जे लिहायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. कोणत्या खुणा दिसल्या की वाट पाहायची नाही? ‘मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं’ असं म्हणणं, चेष्टेतही. आवडत्या वस्तू वाटून टाकणं, एकाएकी कागदपत्रं, पासवर्ड, हिशेब नीट लावून ठेवणं, फारशी भेट नसलेल्यांना फोन करून निरोप घेतल्यासारखं बोलणं. आणि सगळ्यात फसवी खूण: अनेक आठवडे तळमळणारा माणूस एका सकाळी अचानक शांत, मोकळा दिसू लागणं. खरी सुधारणा हळूहळू, मागेपुढे होत येते. एका रात्रीत आलेली शांतता कधीकधी मनाशी काही ठरवून टाकल्याची असते.

विचारलं तर त्याच्या डोक्यात तो विचार आपणच घालू, ही भीती जवळजवळ प्रत्येक नातेवाईक बोलून दाखवतो. तसं होत नाही. यावर पुरेसा अभ्यास झालाय. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट पुष्कळांना सुटल्यासारखं वाटतं. मात्र गुळमुळीत विचारू नका. ‘तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे, आणि ते ‘नाही’ असंच येणार. सरळ विचारा: ‘कधी इतकं नको होतं का, की मरून जावंसं वाटतं?’ आणि मग गप्प बसा. पाच सेकंद, दहा सेकंद, बसा. उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नका, शपथ घालू नका, ‘आईचा विचार केलास का’ म्हणू नका. तो आधीच त्या विचाराने दबलेला असतो. विचारा, कसं करायचं हेही मनात आलंय का, केव्हा, त्याची काही तयारी केली आहे का. तसं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरात ज्याने इजा होऊ शकते ते सगळं त्याच्या हाताबाहेर ठेवायचं, आणि त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यायचं किंवा आत्महत्या प्रतिबंधाच्या हेल्पलाइनला फोन लावायचा. तो म्हणेल, कुणाला सांगू नकोस. ते वचन देऊ नका.

भाऊ त्या टोकाला असेल असं तुमच्या लिहिण्यातून मला वाटत नाही. पण न विचारता मला कळणार नाही, आणि तुम्हालाही नाही.

त्याच्याशी बोलायचं कसं? समोरासमोर बसवून नको, आणि आईवडिलांच्या पंचायतीतही नको. चालताना किंवा गाडीत शेजारी बसून बोलणं सोपं जातं, नजर मिळवावी लागत नाही. ‘तुला डिप्रेशन आलंय’ असा शिक्का मारू नका. तो ‘नाही’ म्हणेल आणि विषय संपेल. पाहिलेलं सांगा. ‘तू चार महिने बुद्धिबळाचा पट उघडला नाहीस. मागच्या तिन्ही वेळा मी फोन केला तेव्हा तू पहाटेपासून जागा होतास. मला तुझी काळजी वाटते.’ एवढंच. पाहिलेल्या गोष्टीशी भांडता येत नाही. सकारात्मक विचार कर, बाहेर फिरून ये, तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक आहेत, ही तीन वाक्यं कृपा करून घरात बंद करा. विशेषतः तिसरं. त्यातून त्याला फक्त एवढंच ऐकू येतं की आपण कृतघ्नही आहोत.

‘कशी मदत करू?’ असं विचारलंत तर उत्तर येणार नाही, कारण निर्णय घेणं हेच तर त्याला जमत नाहीये. काम ठरवून सांगा. ‘गुरुवारी साडेपाचची वेळ घेतली आहे, मी येतेय न्यायला.’ मानसोपचारतज्ज्ञ म्हटल्यावर बिचकत असेल तर आधी फॅमिली डॉक्टरकडे जा. झोप आणि थकवा हे कारण सांगायला सोपं पडतं आणि ते खोटंही नाही. त्याने पहिल्यांदा नकार दिला तर रुसू नका, आठवड्याने परत विचारा. माझ्याकडे येणारे कितीतरी जण तिसऱ्या-चौथ्या वेळी ‘बरं’ म्हटलेले असतात.

उपचारांबद्दल थोडंच. सौम्य डिप्रेशनमध्ये नुसत्या मानसोपचाराने, म्हणजे ठरावीक पद्धतीच्या बोलण्याने आणि दिवसाची घडी परत बसवण्याने, चांगला फरक पडतो. मध्यम-तीव्र असेल तर गोळ्या लागतात, बहुधा दोन्ही लागतं. गोळीचा परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही. दोन ते चार आठवडे जावे लागतात, पूर्ण परिणामाला सहा-आठही. ‘सवय लागेल’ या भीतीने लोक दहाव्या दिवशी बंद करतात, किंवा बरं वाटलं की लगेच सोडतात. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम तोडल्या तर चक्कर, अस्वस्थता असा त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करायच्या, आणि तेही बरं वाटल्यावर किमान सहा महिने चालू ठेवून. घरच्यांनी एक जपायचं: सुरुवातीच्या आठवड्यांत अंगात शक्ती आधी येते, मनातला अंधार नंतर जातो. त्या मधल्या काळात जास्त लक्ष ठेवा, आणि रुग्ण पंचविशीच्या आतला असेल तर आणखीच.

गुरुवारपर्यंत एक काम करा. वहीचं एक पान घ्या, मधे उभी रेघ ओढा. डावीकडे भाऊ सहा महिन्यांपूर्वी कसा होता ते, उजवीकडे आता. मतं नकोत, फक्त दिसलेलं लिहा: किती वाजता उठतो, कुणाला शेवटचा फोन कधी केला, पट्ट्याला नवं भोक पाडलंय का. ते पान बरोबर न्या. आत गेल्यावर तो नक्की म्हणणार आहे, ‘तसं काही नाही डॉक्टर, जरा दमलोय.’ तेव्हा ते टेबलावर ठेवा.